महिनाभर मागे

बन्सीधरअण्णांना शेवटची अंघोळ घालायला अंगणात घेतलं, तेव्हा नर्मदाबाईंनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीपुढे धरलं. "धर," एवढंच त्या म्हणाल्या. राजेश्रीच्या दोन्ही हातांत पाण्याची कळशी होती. तिनं ती खाली ठेवली, घड्याळ घेतलं आणि कुठं ठेवावं म्हणून इकडं तिकडं पाहिलं. ओट्यावर बायका दाटीनं बसल्या होत्या. खाटेवर अण्णांचं अंथरूण तसंच होतं, उशीशी दुमडलेला पेपर, चष्मा. मग तिनं ते आपल्याच मनगटावर चढवलं आणि पुन्हा कळशी उचलली. अण्णांच्या जाड मनगटाचा पट्टा. हात वर केला की घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. त्या दिवशी तिनं ते काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दाभणानं पट्ट्याला आतल्या बाजूनं एक भोक पाडलं आणि नीट बांधलं.

ती परभणीहून पोचली तेव्हा अण्णा गेलेले होते. दुपारी पाऊणच्या सुमारास नर्मदाबाई ताट वाढून हाक मारायला बाहेर आल्या, तर अण्णा अंगणातल्या कडुलिंबाखालच्या खाटेवर पेपर छातीवर घेऊन पडलेले. झोप लागली असं त्यांना वाटलं. कॉलेजच्या ग्रंथालयात राजेश्रीला फोन आला तेव्हा ती परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. फोन ठेवून तिनं उरलेल्या चार पुस्तकांवरही शिक्के मारले आणि मग निघाली. असं का केलं, ते तिला सांगता आलं नसतं. ती रडली नाही. तिच्या माहेरच्या, पिंगळीच्या बायकांनी हे पाहिलं आणि आपापसांत बोलूनही घेतलं.

घड्याळ साधं नव्हतं. धाकट्या जीवननं अण्णांच्या सत्तरीला जर्मनीहून आणलेलं. किंमत विचारली तर "ऑफरमध्ये मिळालं," असं म्हणून त्यानं विषय बदलला होता. गडद निळ्या तबकडीत वेळ होती, तारीख होती, वार होता, महिना होता, लीप वर्ष कितव्या वर्षी येणार हे सांगणारी बारीक खिडकी होती. आणि सगळ्यांच्या खाली एका अर्धगोल फटीत सोन्याचा चंद्र. तो रोज थोडा थोडा सरकायचा, कलेकलेनं वाढायचा आणि झिजायचा. चावी द्यायची गरज नव्हती. हाताच्या हालचालीवर ते चालायचं. काढून ठेवलं की दोन-तीन दिवसांत थांबायचं.

"अण्णा," जीवननं तेव्हा समजावलं होतं, "फेब्रुवारी अठ्ठाविसाचा की एकोणतिसाचा, हे त्याला स्वतःलाच कळतं. एकवीसशे सालापर्यंत तारखेला हात लावायचं काम नाही."

"मंग मला कामून दिलास?" अण्णा म्हणाले होते. "एकवीसशेला कोन हाय हितं?"

पण चंद्रावर मात्र त्यांचा जीव बसला. सुरुवातीचे दोन महिने ते रोज जेवणानंतर गच्चीवर जायचे, एकदा आभाळाकडं, एकदा मनगटाकडं बघायचे आणि खाली येऊन नर्मदाबाईंना निकाल सांगायचे. "बराबर हाय. तिकडं जेवढा, तेवढाच हिकडं." पुढं गल्लीतली माणसं एकादशी कधी, चतुर्थी कधी, हे कॅलेंडर सोडून त्यांना विचारायला लागली. अण्णा बाही मागं सारून, भुवया आकसून तबकडीकडं बघायचे. सांगायचे ते पंचांगातलं पाठ असलेलंच, पण बघायचे घड्याळाकडं.

जीवन तिसऱ्या दिवशी पोचला. अग्नी चुलतभाऊ रामहरीनं दिला होता. राख सावडून, ती गंगाखेडला सोडून सगळे परत आले तेव्हा जीवन ओसरीत बहिणीजवळ येऊन बसला. मग त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. त्यानं तिचा हात हातात घेऊन घड्याळ स्वतःकडं वळवलं.

"ताई, तारीख चुकलीय."

राजेश्रीनं पाहिलं. तीस डिसेंबर.

"वारपण चुकलाय. महिनाभर मागे आहे हे." त्यानं घड्याळ कानाशी नेलं. "चालू तर आहे. म्हणजे मधे कधीतरी बंद पडलं असणार महिनाभर. कधी पडलं? अण्णा काही बोलले होते?"

"माहीत नाही," राजेश्री म्हणाली.

तिला माहीत होतं.

मागच्या अधिकातली गोष्ट. श्रावण अधिक आला होता. राजेश्री रविवारची म्हणून पिंगळीला आली, तर अण्णांचं मनगट उघडं.

"घड्याळ कुठंय?"

"सुट्टीवर."

"सुट्टीवर म्हणजे?"

"अधिक लागला न्हाई का? घड्याळाला काय कळतंय अधिक. जीवन्या म्हणतो याला लीप कळतं, अमुक कळतं, तमुक कळतं. मी म्हणलं, अधिक कळतो का? तर हासला. मंग काय करावं मानसानं? बाजूची चावी वढली भायेर आन ठिवलं चष्म्याच्या डब्यात. निज श्रावण लागला की दाबायची."

राजेश्री हसत हसत त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्यांना समजावून सांगितलं. चंद्राची बारा महिन्यांची फेरी सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडी. ती तूट साठत जाते, म्हणून पंचांग तीन वर्षांतून एकदा एक महिना जास्तीचा घालून सूर्याला गाठतं. इंग्रजी तारखा मुळातच सूर्याच्या. त्यांना अधिकाची गरजच नाही. "तुम्ही घड्याळ थांबवलंत तर ते उगीच महिन्यानं मागं पडेल."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेतकरी माणूस, पण मॅट्रिकला विज्ञान होतं. समजलं नाही असं नव्हतं.

"आस्सं," ते म्हणाले. "मंग त्येच्यात चंद्र कामून बसवला?"

"शोभेला."

"शोभेला चंद्र बसवायचा आन चंद्राचा महिना पाळायचा न्हाई? हे काय खरं न्हाई बाई. चंद्र ठिवला तर अधिक पाळावा लागंल. न्हाईतर काढून टाका म्हणावं चंद्र."

निज श्रावणाच्या पहिल्या सकाळी त्यांनी चावी दाबली, काटे जुळवले आणि तिला मुद्दाम फोन केला. "बघ. चंद्र जिथल्या तिथं. आभाळात हाय तसा. कोन चुकलं मंग?"

"आणि तारीख?"

"तारीख गेली मागं. पर तारखेचं काय घेऊन बसलीस? तारीख कॅलेंडरवर हाय, मोबाईलवर हाय, दुधाच्या पिशवीवर हाय. चंद्र कुठं हाय?"

चंद्र चुकणार नव्हताच. अख्खा एक चांद्रमास घड्याळ थांबलेलं. तेवढ्यात आभाळातला चंद्र पुरी फेरी मारून पुन्हा त्याच जागी आला होता. अण्णांनी मग तारीख कधी जुळवली नाही. जीवनला सांगू नको म्हणाले, त्याला उगं वाईट वाटंल. आणि ती गोष्ट घरात जिरून गेली.

आता राजेश्री ओसरीत बसून त्या तारखेकडं बघत होती. तीस डिसेंबर. तीस डिसेंबरला ती मुलाला घेऊन हुरड्याला आली होती. अण्णा शेतात आगटीपुढं उकिडवे बसून कणसं भाजत होते, गरम कणीस तळव्यांवर चोळून दाणे फुंकून तिच्या हातावर ठेवत होते. "आधी पोराला दे," ती म्हणत होती. "त्याला देतो की. तू खा," ते म्हणत होते. घड्याळात आज तो दिवस होता. घड्याळात अण्णा आगटीजवळ बसले होते.

तिच्यासारख्या, आयुष्य पुस्तकांत काढलेल्या बाईला हे पटण्यासारखं नव्हतं आणि पटलंही नाही. पटायची गरज पडली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर तिनं पहिल्यांदा मनगट पाहिलं. एकतीस.

"आण इकडं," जीवन म्हणाला. "तारीख लावणं दोन मिनिटांचं काम आहे. चावी एक टप्पा ओढायची आणि फिरवायची, एकेक दिवस पुढं जातो. फक्त पुढं. मागं येत नाही, गिअर मोडतील."

राजेश्रीनं हात पदराखाली घेतला. "राहू दे आत्ता."

कॉलेजात तिनं रजा वाढवली. नवरा आणि मुलगा परभणीला होते. आईजवळ कुणीतरी हवंच होतं, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. जीवनही महिना घालून, म्हणजे पहिल्या महिन्याचं श्राद्ध करून, मगच परत जाणार होता. सकाळी ओसरीत लॅपटॉप मांडून बसायचा. दिवस पुढं चालले होते. माणसं भेटायला येत होती, चहा होत होता, दहावा झाला, तेरावा झाला. राजेश्री पाणी द्यायची, सतरंज्या घालायची, आलेल्यांना अण्णा कसे गेले ते सांगायची. सगळं काचेच्या पलीकडून चालल्यासारखं. अलीकडं, तिच्या मनगटावर, वेगळा महिना चालू होता. एक तारखेला अण्णांचा फोन आला होता, "तुझं नवं वरीस लागलं वाटतं. महं पाडव्याला लागतंय." सहा-सात तारखेला तुरीच्या मळणीयंत्रावरून रामहरीशी वाजलं होतं. भोगीला त्यांनी तीळ लावलेल्या भाकरीचा फोटो पाठवला होता, अर्धा अंगठा मधे आलेला.

घड्याळात भोगी आली त्या दिवशी राजेश्रीनं बाजरीच्या भाकरी केल्या, वरून तीळ थापले.

"आज कामून गं बाजरी?" नर्मदाबाईंनी विचारलं. "ऊन पडायलंय चांगलं."

"वाटलं करावी."

नर्मदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, भाकरी मोडली, तीळ बोटानं चाचपले आणि जेवायला लागल्या.

तेराव्याला धुरपताआत्या गंगाखेडहून आल्या होत्या. अण्णांची थोरली बहीण. तोंडाला कुलूप नव्हतं आणि किल्लीही नव्हती. बायकांत बसल्या बसल्या त्यांनी राजेश्रीच्या हाताकडं पाहून आवाज चढवला.

"नर्मदे, बापाचं घड्याळ लेकीनं घातलं का काय? आन लेक जर्मनीहून आलाय त्येचं मनगट उघडं. ह्या घरात उलटीच रीत."

"घालू द्या वन्सं. घड्याळच हाय."

"घालू दे की. मी कुठं न्हाई म्हणायले? निस्तं म्हणले. बाईच्या हातात केवढं दिसायलंय ते, भाकरीचा तवा बांधल्यावानी."

बायका हसल्या. राजेश्रीनं पण ओठ हलवले. आत्यांच्या ताटात तिनं आणखी एक भजं वाढलं.

पण जीवननं ते ऐकलं होतं. संध्याकाळी तो तिच्याजवळ आला.

"आत्याचं मनावर घेऊ नको. घड्याळ मला ठेवायला नकोय. पण जाताना मी ते घेऊन जातो ना ताई. तिथं उघडून बघतील. असं मधेच महिनाभर बंद पडतं म्हणजे आत काहीतरी दोष आहे. मी कंपनीला लिहिलंय."

"काय लिहिलंस?"

"की तुम्ही सदोष वस्तू विकली." तो थांबला. "अण्णा काही बोलले नाहीत गं. मी दर वेळी विचारायचो, घड्याळ कसंय? झकास हाय, म्हणायचे. चुकीची तारीख घालून हिंडत होते, आणि मला झकास हाय."

इथं त्याला सांगायला हवं होतं, हे राजेश्रीला कळत होतं. पण सांगितलं असतं तर तो हसला असता, किंवा रडला असता, आणि मग म्हणाला असता, दे, जुळवू आपण. चावी फिरली की ते दिवस गेले. मागं येण्याची सोय त्या घड्याळात नव्हती.

"महिना घातल्यावर देते," ती म्हणाली. "तोवर तारखेला हात लावू नको."

"का?"

"असंच."

जीवन उठून शेताकडं निघून गेला.

पहिला महिना येत्या नवमीला घालायचा होता. अण्णा माघ शुद्ध नवमीला गेले. फाल्गुन शुद्ध नवमीला महिना भरत होता. आणि घड्याळ बरोबर एका चांद्रमासानं मागं असल्यामुळं त्याच दिवशी त्यात सत्तावीस जानेवारी उगवणार होती. राजेश्रीनं हे जुळवून आणलं नव्हतं. अण्णांनीच ते, त्यांच्या जिद्दीपायी, अडीच वर्षांपूर्वी जुळवून ठेवलं होतं. तिला हवं होतं ते एवढंच: त्या दिवशी दुपारी पाऊण वाजता लिंबाखाली बसायचं. मागच्या वेळी ती परभणीला पुस्तकांवर शिक्के मारत होती. या वेळी ती तिथं असणार होती. त्यासाठी घड्याळ थांबू द्यायचं नव्हतं आणि कुणाला पुढं ढकलू द्यायचं नव्हतं. ती ते घालून झोपायची. पीठ मळताना मनगटाच्या वर सारायची. अंघोळीपुरतं देवळीत ठेवायची आणि ओल्या हातानंच परत बांधायची.

आदल्या दिवशी घड्याळात सव्वीस होती. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी अण्णांचा शेवटचा फोन आला होता. शाळेत झेंडावंदनाला गेले होते. "जिलेबी खाल्ली. दोनच खाल्ल्या. तुझ्या मायला सांगू नको, चार खाल्ल्या." राजेश्री त्या संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. फोन वाजला नाही. तो वाजेल असं तिला वाटलंही नव्हतं. सव्वासात झाल्यावर ती उठून कुकर लावायला आत गेली.

नवमीला घरात पहाटेपासून गडबड. पुरण शिजलं, कटाची आमटी झाली, भजी, कुरडया. जीवननं विधी केला. नैवेद्य पत्र्यावर ठेवला. कावळा लगेच आला आणि लगेच गेला. माणसं मोजकीच होती, भावकीतली आणि अण्णांचा पोखर्णीचा जुना दोस्त सिताराम. पंगत साडेअकराला बसवायची ठरली होती, म्हणजे साडेबारापर्यंत राजेश्री मोकळी. पण धुरपताआत्यांची पॅसेंजर उशिरानं धावत होती, आणि भावाच्या महिन्याला बहीण पोचायच्या आत पहिला घास कोण घेणार?

"परभणी सोडलं का गाडीनं?" रामहरी दर पाच मिनिटांनी मोबाईलवर विचारत होता.

आत्या आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. "माज्यासाटी कामून थांबलाव? मी काय पाव्हणी हाय का?" म्हणत त्या पहिल्याच पाटावर बसल्या. पत्रावळी मांडल्या गेल्या. राजेश्रीनं आमटीची बादली उचलली. तिनं घड्याळ पाहिलं. बारा वीस. एक फेरी वाढून होईल, पुढचं रामहरीची बायको बघेल.

सिताराम लिंबाच्या बाजूला बसला होता. आमटी भुरकून त्यानं मिशा पुसल्या. "बन्सीची एक गंमत सांगू का?" तो जीवनला म्हणाला. "तुज्या घड्याळानं मला येकदा लय हैरान केलं बाबा."

"घड्याळानं?"

"मंग. मंगळवार व्हता. गाडीत सोयाबीन भरली, मोंढ्यात घालावी म्हणलं, जाता जाता ह्याला संगं घ्यावं. तर हे हितंच बसलेलं, खाटंवर. हात वर केला आन म्हणलं, सिताराम, आज रविवार, मोंढा बंद. जर्मनीचं घड्याळ हाय, चुकायचं न्हाई. आता येवढं भारी घड्याळ म्हणल्यावर मी काय बोलू? गाडी फिरवली की! पार पोखर्णीच्या फाट्यावर गेल्यावर ध्यानात आलं, आरं, रविवार हाय तर लेकरं दप्तरं घेऊन कुठं चालली?"

पंगतीत हशा पिकला.

"परत आलो तर हे हासून हासून बेजार. खाटंवरून पडायचं बाकी. म्हणलं, बन्स्या, लेकानं फसवलं तुला, बिघडलेलं घड्याळ दिलं. तर म्हणलं, न्हाई रं, म्याच अधिकात डब्यात ठिवलं व्हतं, त्येला अधिक घावत न्हाई म्हणून."

"आगं बया," धुरपताआत्या म्हणाल्या, "घड्याळाला अधिकाचं वाण तर दिलं न्हाई ना त्यानं? तेहतीस अनारसे?"

आणि राजेश्री हसली. आमटीची पळी तिच्या हातात तशीच राहिली आणि ती हसत होती, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अण्णांनी घड्याळापुढं अनारशांचं ताट ठेवलंय आणि वर गंभीर चेहरा, हे तिला समोर दिसत होतं. नर्मदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. सितारामला चेव आला. त्यानं अण्णांच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कुणी भात मागितला, कुणी भजी. राजेश्री वाढत होती. एक फेरी, दुसरी फेरी. आत्यांना तूप हवं होतं.

फक्त जीवन हसत नव्हता. तो पत्रावळीवरून मान वर करून बहिणीकडं बघत होता.

तुपाची वाटी घेऊन ती आत्यांपुढं वाकली तेव्हा वर सारलेलं घड्याळ घसरून मनगटावर आलं. एक वाजून वीस मिनिटं.

तिनं तूप वाढलं. "बास बास," आत्या म्हणाल्या. वाटी घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, फडताळावर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. चुलीवर आमटी रटरटत होती. काहीतरी व्हायला हवं होतं असं तिला वाटत राहिलं. काही झालं नाही. बाहेरून रामहरीनं पाणी मागितलं आणि ती तांब्या घेऊन बाहेर गेली.

माणसं पांगली तेव्हा चार वाजत आले होते. नर्मदाबाई आत्यांबरोबर आत आडव्या झाल्या. राजेश्री ओट्यावर बसली होती. जीवन येऊन शेजारी बसला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी महिनाभर त्या लोकांशी भांडतोय. काल त्यांचं उत्तर आलं, की आम्ही नवीन घड्याळ द्यायला तयार आहोत." तो कसनुसा हसला. "मला वाटत होतं अण्णा माझं मन राखायला बिघडलेलं घड्याळ घालत होते. एवढं तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू तारीख लावली असतीस."

"मग?"

समोर लिंबाखाली उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता आणि एक कुत्रं त्याच्याभोवती घिरट्या घालत होतं.

"त्याच्यात अजून ते होते," ती म्हणाली. "आज दुपारपर्यंत."

जीवनला समजायला वेळ लागला. तो तबकडीवरची तारीख वाचत राहिला. सत्तावीस. जानेवारी. मग त्यानं हळूच घड्याळावर तळहात ठेवला, ऊन लागू नये तसा.

"राहू दे असंच," तो म्हणाला. "मी नाही नेत. अण्णांनी मागं ठेवलंय, मागंच राहू दे. तू घाल."

महिनाभर तिला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी म्हटल्यासारखं वाटलं.

"आता नाहीत त्याच्यात," ती म्हणाली. "उद्या अठ्ठावीस. परवा तू येशील, राख सावडायची. मग दहावा. मला परत नको तो महिना." तिनं घड्याळ सोडवलं. पट्ट्याखालची कातडी पांढरी, सुरकुतलेली होती. "कशी ओढायची चावी?"

"ताई, नीट विचार कर. मागं येणार नाही."

"माहितीय. कशी?"

त्यानं दाखवलं. नखानं एक टप्पा बाहेर. तिनं फिरवली. अठ्ठावीस. बारीक टिकटिक झाली आणि वार बदलला. एकोणतीस, तीस, एकतीस. महिन्याची अक्षरं एकदम सरकून फेब्रुवारी आला. ती थांबली नाही. फटीतला चंद्र भरत गेला, पुरा गोल झाला, मग एका बाजूनं झिजू लागला. तेरावा गेला. बाजरीच्या भाकरी केल्या तो दिवस गेला, या घड्याळात आता तो नुसताच एक गुरुवार होता. चंद्र निळ्या पत्र्याआड बुडाला, काही दिवस फट रिकामी राहिली, मग दुसऱ्या बाजूनं कोर निघाली. जीवन वाकून बघत होता. तिची बोटं स्थिर होती.

"आज किती?" तिनं विचारलं. महिन्याभरात तिनं कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

"सव्वीस. बास, बास. गुरुवार. आता दाब."

तिनं चावी दाबली.

नर्मदाबाई डोळे चोळत बाहेर आल्या. "काय करायलाव दोघं?"

"अण्णांचं घड्याळ लावायलोय," जीवन म्हणाला. "महिनाभर पुढं आणलं ताईनं."

"बघू." त्यांनी घड्याळ हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. तारीख त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हती. "येवढं फिरवलं म्हणतोस. चंद्र तर हाय तिथंच हाय."

नर्मदाबाईंनी घड्याळ जीवनकडं दिलं. त्यानं ते मनगटावर बांधून पाहिलं, राजेश्रीनं पाडलेलं भोक त्याला घट्ट होत होतं, म्हणून एक भोक अलीकडं घेतलं. नर्मदाबाई चप्पल शोधत होत्या. सितारामच्या घरी पोळ्या पाठवायच्या राहिल्या होत्या, आणि तो अजून स्टेशनजवळ चहा पीत असणार.

"मी देऊन येते," राजेश्री म्हणाली.

तिनं पोळ्या फडक्यात बांधल्या. दारातून बाहेर पडण्याआधी सवयीनं मनगट वर केलं, खाली घेतलं आणि किती वाजले ते जीवनला विचारलं.